उडत्या नौकेची प्रतिकृति

(नभोवाणीवरील भाषण)

दिवाळी आली कीं महाराष्ट्रांतील अंगणांतून किल्ले उभे राहतात. दगड, माती, पोत्याचे तुकडे आणि मोहरी पेरून उगवविलेली हिरवळ यांचा तो किल्ला असतो, आणि त्याच्या माथ्यावर महाराजांची मातीची मूर्ति बसविलेली असते. ती मूर्ति शेजारच्या बुरुजाहून उंच असते; मावळ्याचा भाला दरवाज्याच्या कमानीवर जातो; पायथ्याचा वाघ तर सबंध पागेएवढा असतो. परंतु त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. तेथें माप भक्तीचें असतें, फूटपट्टीचें नसतें. जो मनाला मोठा तो डोळ्यांसही मोठा दिसला पाहिजे, एवढाच त्या किल्ल्याचा नियम.

आज मला ज्या कलेविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत, तिचा नियम याहून अगदीं निराळा आहे. तींत मूळ वस्तूचा प्रत्येक अवयव एकाच ठरलेल्या प्रमाणांत लहान करावयाचा असतो. आवडतो म्हणून कोणास वाढवावयाचें नाहीं, आणि करण्यास अवघड म्हणून कोणास वगळावयाचें नाहीं. स्केल मॉडेल या नांवानें ही कला सर्वत्र ओळखली जाते; आपण तिला प्रमाणबद्ध प्रतिकृति म्हणूं. उदाहरणादाखल मी जी प्रतिकृति घेणार आहें, ती दुसऱ्या महायुद्धांतील एका विमानाची, कॅटॅलिना नांवाच्या उडत्या नौकेची आहे.

उडती नौका म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. पाण्यावर उतरणारीं विमानें मुख्यतः दोन जातींचीं असतात. एका जातींत नेहमींच्या विमानाचीं चाकें काढून त्यांच्या जागीं पोकळ तराफे बसविलेले असतात. विमानाचें अंग पाण्यास लागत नाहीं. दुसऱ्या जातींत विमानाचें धड हीच एक नौका असते. तें धड पाण्यांत बसतें, लाटा कापतें, नांगर टाकून उभें राहतें, आणि वेळ आली कीं पाणी सोडून आकाशांत जातें. ही दुसरी जात म्हणजे उडती नौका. १९३८ च्या सुमारास इंग्लंडहून हिंदुस्थानांत येणारें टपाल अशाच नौकांतून येऊं लागलें होतें. कराचीची खाडी, मेवाडांतील राजसमंद, ग्वाल्हेरजवळचा तलाव, अलाहाबाद आणि कलकत्ता, असे त्या मार्गावरचे मुक्काम होते. लांबरुंद आणि निवांत पाणी मिळालें कीं धांवपट्टी बांधण्याचें कारण उरत नसे.

कॅटॅलिना ही या जातींतील सर्वांत प्रसिद्ध नौका. अमेरिकेंतील कन्सॉलिडेटेड कंपनीचे अभियंते आयझॅक लॅडन यांनीं तिचा आराखडा केला, आणि २८ मार्च १९३५ रोजीं तिचें पहिलें उड्डाण झालें. पंखांचा विस्तार १०४ फूट, लांबी जवळजवळ ६४ फूट, आणि प्रत्येकीं बाराशें अश्वशक्तीचीं दोन इंजिनें. वेग मात्र बेताचा. गस्तीवर असतांना ती ताशीं सव्वाशें मैलांच्या आंतबाहेर चाले. परंतु एकदां उडाली म्हणजे वीस-वीस तास खालीं उतरण्याची तिला गरज नसे. १९४३ ते १९४५ या काळांत ऑस्ट्रेलियांतील पर्थ आणि सिलोनमधील कोग्गला तलाव यांच्यामध्यें क्वांटास कंपनीच्या कॅटॅलिना मध्यें कोठेंही न थांबतां ये-जा करीत. त्या प्रवासास २७ पासून ३३ तासांपर्यंत वेळ लागे, आणि आंतील प्रवाशांस एकाच उड्डाणांत दोन सूर्योदय पाहावयास मिळत.

आतां कोणी विचारील, कीं कुंभारीसारख्या गांवीं बसून या नौकेचा विचार कां करावा? सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. समुद्र येथून दीडशें मैलांहूनही दूर. नदीनाल्यांचें म्हणाल, तर पावसाची वाट पाहण्यांतच वर्षाचा बराच भाग जातो. गोदूताई परुळेकरांच्या नांवानें वसलेली विडी कामगार स्त्रियांची मोठी वसाहत हीच आज या गांवाची ओळख झालेली आहे. महासागरावर गस्त घालणाऱ्या विमानाशीं या गांवाचा संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो सोलापूरच्याच एका पुत्राच्या कर्तृत्वांतून आलेला आहे.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरांत झाला. रेल्वेचीं कंत्राटें, सिंधिया कंपनीचीं जहाजें, वालचंदनगरची साखर, हें त्यांचें कार्य आपल्या परिचयाचें आहे. १९३९ सालीं अमेरिकेहून पूर्वेकडे येत असतां क्लिपर विमानांत त्यांची विल्यम पॉली या विमानधंद्यांतील अमेरिकन गृहस्थांशीं गांठ पडली, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पॅसिफिक महासागर ओलांडणारीं त्या काळचीं क्लिपर विमानें म्हणजे स्वतः उडत्या नौकाच होत्या. त्या भेटींतून हिंदुस्थानांत विमानांचा कारखाना काढण्याच्या कल्पनेस रूप आलें. म्हैसूर संस्थाननें जागा आणि भांडवल देऊं केलें, आणि २३ डिसेंबर १९४० रोजीं बंगलोर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. पुढच्या वर्षीं हिंदुस्थान सरकारही तींत भागीदार झालें.

एप्रिल १९४२ मध्यें सरकारनें वालचंदांचा भाग विकत घेतला, आणि १९४३ सालीं कारखान्याचा कारभार अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाकडे गेला. नवीं विमानें बांधण्याचें स्वप्न बाजूस राहिलें. जखमी विमानांची दुरुस्ती हेंच तेथील मुख्य काम झालें. त्या व्यवस्थेंत दुरुस्तीसाठीं प्रथम हातीं घेतलेलें विमान कॅटॅलिना होतें. बंगलोरजवळच्या बेळंदूर तलावावर या नौका उतरत, आणि तेथून त्यांस कारखान्याकडे नेलें जाई. युद्ध संपेपर्यंत हा कारखाना पूर्वेकडील विमानदुरुस्तीच्या मोठ्या केंद्रांपैकीं एक झाला होता. सोलापूरच्या मनुष्यानें ज्या कारखान्याचा पाया घातला, त्यांत हिंदी कारागिरांच्या हातांखालून या उडत्या नौका गेल्या. म्हणून कुंभारीच्या मनुष्यानें कॅटॅलिनाची प्रतिकृति करावयास घेतली, तर ती परक्याची वस्तु उसनी आणली असें होत नाहीं.

प्रतिकृति म्हणजे केवळ पोरखेळ, असा कोणाचा समज असल्यास तो युद्धानेंच खोडून काढला आहे. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें तेथील शाळांकडे पांच लाख लांकडी विमानांची मागणी केली. विद्यार्थ्यांनीं पन्नास जातींचीं विमानें एकास बहात्तर या प्रमाणांत कोरावयाचीं, तीं काळ्या रंगानें रंगवावयाचीं, आणि सैनिकांनीं त्यांवरून शत्रु कोण व मित्र कोण हें ओळखण्याचा अभ्यास करावयाचा, अशी ती योजना होती. पस्तीस फुटांवर धरलेली ती लहानशी आकृति अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. पस्तिसास बहात्तरांनीं गुणून पाहिलें म्हणजे खात्री पटेल. अशा ठिकाणीं पंखाच्या टोंकाची गोलाई चुकणें ही एखाद्या वैमानिकाच्या जिवावर बेतण्यासारखी गोष्ट होती.

घरीं काम करणाऱ्यानेंही प्रथम प्रमाण ठरवावें. एकास बहात्तर घेतल्यास कॅटॅलिनाचा विस्तार सव्वासतरा इंचांहून किंचित् अधिक होतो. एकास अठ्ठेचाळीस घेतल्यास बरोबर सव्वीस इंच होतो. मला हें दुसरें प्रमाण सोयीचें वाटतें, कारण त्यांत मूळचा एक फूट म्हणजे आपला पाव इंच, असा तोंडीं हिशेब करतां येतो. या हिशेबानें नौकेची लांबी सोळा इंचांस जराशी कमी भरते, बारा फूट व्यासाचा पंखा तीन इंचांचा होतो, आणि साडेपांच फूट उंचीचा मनुष्य एक पूर्णांक तीन अष्टमांश इंचाचा होतो. या मनुष्याचें माप लक्षांत ठेवावें; त्याचें काम पुढें पडणार आहे.

लांबीचा हिशेब सोपा असला तरी वजनाचा हिशेब मनुष्यास चकवितो. लांबी अठ्ठेचाळीस पटींनीं कमी केली कीं पृष्ठभाग २,३०४ पटींनीं कमी होतो, आणि आकारमान तर १,१०,५९२ पटींनीं कमी होतें. पूर्ण भरलेल्या कॅटॅलिनाचें वजन सुमारें ३५,००० पौंड होतें. त्यास या आंकड्यानें भागलें म्हणजे आपल्या प्रतिकृतीच्या वांट्यास सुमारें पांच औंस, आजच्या मापानें १४५ ग्रॅमच्या आसपास, वजन येतें. ती याहून जड झाली तर कपाटांत ठेवल्यावर कोणास कळणार नाहीं. परंतु घंगाळांत पाणी घेऊन तींत सोडली, तर ती खऱ्या नौकेपेक्षां खोल बसेल, आणि बाजूवर आंखलेली पाण्याची रेघ बुडून जाईल. सव्वीस इंच पंखांची लांकडी वस्तु एवढ्या वजनांत बसवावयाची म्हणजे ती आंतून पोकळ असलीच पाहिजे. मूळ नौकाही पोकळच होती. अशा रीतीनें वजनाचा नियम पाळूं गेलें असतां रचनेचा नियम आपोआप पाळला जातो.

लांकूड हलकें आणि धार सुखानें घेणारें असावें. परदेशांत यासाठीं बाल्सा वापरतात, आणि तें आपल्याकडेही विकत मिळतें. आपल्या देशांतील लांकडांत पांगारा चांगला. सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांसाठीं तो पूर्वींपासून वापरीत आले आहेत. एकच मोठा ठोकळा कोरण्यापेक्षां पातळ फळ्या एकावर एक डकवाव्या, आणि प्रत्येक फळीचा मधला भाग डकविण्यापूर्वींच कापून काढावा, म्हणजे पोकळी आयती मिळते. नंतर आराखड्यावरून धडाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या आडव्या छेदांचे पुठ्ठ्याचे अर्धे साचे कापावे, आणि ते लांकडावर टेकवून जेथें उजेड दिसणार नाहीं तेथपर्यंत लांकूड उतरवीत जावें. ही पद्धति कुंभारीच्या स्त्रियांस समजावून सांगावी लागणार नाहीं. तेंदूचें पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनें कापण्याचें काम त्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. शंभरावें पान पहिल्या पानासारखेंच निघालें पाहिजे, हा त्यांचा धडा प्रतिकृति करणाऱ्यानें जरूर गिरवावा.

उडत्या नौकेचें सारें मर्म तिच्या पोटांत आहे. पोटाचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, म्हणजे पाण्यावर आदळतांना धक्का एकदम न बसतां हळूहळू बसतो. तळ आणि बाजू जेथें मिळतात तेथें एक धारदार कंगोरा असतो. तो पाण्याचे तुषार बाहेर आणि खालीं फेंकतो. तेवढ्यानेंही भागत नाहीं म्हणून इंजिनें आणि पंखे जितके उंच नेतां येतील तितके नेलेले असतात; कारण वेगानें फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांस पाण्याचे थेंब खड्यांप्रमाणें लागतात. परंतु या सर्वांहून महत्त्वाची वस्तु म्हणजे पोटाच्या मध्यावर असलेली आडवी पायरी.

ही पायरी नसती तर नौका उडालीच नसती. वेग वाढूं लागला कीं नौका पाण्यांतून वर येऊन त्याच्या पृष्ठभागावरून घसरूं लागते. परंतु पाणी तिच्या गोलाईस चिकटून तिला मागें व खालीं ओढीत राहतें. पायरीपाशीं तळ अकस्मात् तुटलेला असल्यामुळें पाण्याचा प्रवाहही तेथें तुटतो, मधल्या जागेंत हवा शिरते, शेपटीकडचा भाग मोकळा होतो, आणि वैमानिकास नाक वर उचलतां येतें. पाणी अगदीं आरशासारखें शांत असलें तर ही पकड सुटण्यास अधिक वेळ लागतो. थोड्या लाटा असल्या तर उलट मदतच होते. आतां प्रतिकृति करणारा घासकागद घेऊन बसला म्हणजे त्याच्या हातास गुळगुळीतपणाचा मोह पडतो, आणि घासतां घासतां या पायरीची धार गोल होऊन जाते. वस्तु हातास सुखद लागते, पण ती कधींही न उडणाऱ्या नौकेची प्रतिकृति होते. कोठें घासावयाचें यापेक्षां कोठें थांबावयाचें हें कळण्यास त्या अवयवाचें काम कळावें लागतें.

ज्यांस असें पोट प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं गोव्यास वास्को येथील नौदलाच्या विमान-संग्रहालयांत जावें. १९९८ सालीं उघडलेल्या या संग्रहालयांत शॉर्ट सीलंड जातीचें एक विमान ठेवलेलें आहे. हें युद्धानंतरचें आणि कॅटॅलिनाहून बरेंच लहान. १९५३ सालीं आपल्या नौदलाचीं पहिलीं विमानें म्हणून जीं आलीं तीं याच जातीचीं होतीं. त्याच्या पोटाखालीं वांकून पाहिलें म्हणजे पायरी आणि कंगोरा यांचा अर्थ दहा चित्रांनीं समजत नाहीं इतका एका दृष्टिक्षेपांत समजतो.

पोटानंतर पंख. कॅटॅलिनाचा पंख धडास थेट जोडलेला नसून धडाच्या वर एका रुंद खांबावर तोललेला आहे, आणि प्रत्येक बाजूस दोन तिरक्या आधारदांड्यांनीं तो सांवरलेला आहे. त्या खांबाच्या पोकळींत इंजिनांवर लक्ष ठेवणारा यंत्रज्ञ बसे. त्याच्यासाठीं लहान खिडक्याही होत्या. पंखाचा मधला भाग सारख्या रुंदीचा, आणि टोंकांकडे तो निमुळता होत जातो. पंख बसवितांना डोळ्यांवर विसंबूं नये. प्रत्येक टोंकापासून शेपटीपर्यंत दोरा धरून दोन्हीं अंतरें मोजावीं. तीं तंतोतंत सारखीं आलीं म्हणजेच पंख सरळ बसला. टोंकांशीं असलेले तरंगक वर घेतले कीं तेच पंखांचीं टोंकें बनतात, आणि पाण्यावर असतांना ते खालीं सोडलेले असतात. ते वर दाखवावयाचे कीं खालीं, हें नौका कोणत्या क्षणीं दाखवावयाची यावर अवलंबून आहे.

सोलापूरकरांस विशेष जवळची वाटावी अशी एक गोष्ट या पंखांत आहे. कॅटॅलिनाचें धड ॲल्युमिनियमचें असलें तरी पंखाचा मागील भाग, सुकाणू आणि शेपटीचे हलते भाग यांवर कापड ताणून बसविलेलें होतें. तें कापड शिवून, ओलें करून, त्यावर डोप नांवाचें रोगण चढविलें कीं तें आवळून ढोलकीच्या पुडीसारखें ताठ होई. ऊन, पाऊस आणि खारें पाणी यांनीं तें कुजे. म्हणून मोठ्या दुरुस्तीच्या वेळीं तें बदलावें लागे. आतां प्रतिकृतींत हें कापड दाखवावयाचें कसें? नवशिका खरेंच कापड चिकटवितो आणि त्याची वीण दिसली म्हणून संतुष्ट होतो. परंतु विणकराच्या गांवांत राहणाऱ्यानें क्षणभर हिशेब करावा. आपल्या प्रमाणांत तें कापड खरें धरलें, तर त्यांतील एकेक सूत मुळांत दोरखंडाएवढें जाड ठरेल. येथें पातळ कागद ताणून त्याखालच्या फांसळ्यांची अंधुक चाहूल तेवढी दाखवावी. हाच न्याय रिव्हेटांस लागू आहे. पाव इंच रुंद डोक्याचें रिव्हेट आपल्या प्रमाणांत एक इंचाच्या १९२ व्या हिश्श्याचें होतें. म्हणजे केंसाच्या जाडीहून थोडेंसेंच मोठें. तें ठळक उठविणें म्हणजे नौकेस देवी आल्यासारखें दिसणें होय.

धडाच्या दोन्हीं बाजूंस असलेले कांचेचे मोठे फुगे ही कॅटॅलिनाची सर्वांत ओळखीची खूण. त्यांतून टेहळणी होई, आणि बंदुकाही त्यांतूनच चालत. लांकडाचा घुमट कोरून तो अगदीं चकचकीत घासावा, आणि गरम करून मऊ केलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा त्यावर एका दमांत ओढावा. दोन-चार पत्रे फुकट जातील असें धरूनच चालावें.

हल्लीं या विमानाचे प्लॅस्टिकचे तयार संच मिळतात, आणि संगणकावर आराखडा करून त्रिमितीय छपाईनें भाग करवून घेण्याचीही सोय झाली आहे. त्यांचा उपयोग करण्यांत कमीपणा नाहीं. परंतु संच घ्या कीं लांकूड घ्या, एका प्रश्नाचें उत्तर कारागिरास स्वतःच द्यावें लागतें. नौका कोणत्या दिवसाची दाखवावयाची? विमानास जन्म असतो, वय असतें, व्रण असतात. रंग उन्हानें फिकटतो, इंजिनाच्या मागें पंखावर धुराचा पट्टा उमटतो, पाण्याच्या रेघेशीं मळ धरतो. चिन्हेंही बदलतात. ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाच्या मध्यें पूर्वीं तांबडा ठिपका असे. जपानी विमानांवरील तांबड्या सूर्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून १९४२ नंतर आपल्या बाजूच्या युद्धक्षेत्रांत तो काढून टाकण्यांत आला. तेव्हां ठिपका दाखविणें वा न दाखविणें ही आवडीनिवडीची बाब नसून तारखेची बाब आहे.

जो दिवस सहज सुचतो तो ४ एप्रिल १९४२ चा. त्या दिवशीं कॅनडाच्या हवाई दलाच्या ४१३ व्या तुकडीचे स्क्वाड्रन लीडर लेनर्ड बर्चल हे कॅटॅलिना घेऊन कोग्गलाहून गस्तीस गेले होते. गस्त संपत आली असतां सिलोनच्या आग्नेयेस, कित्येकशें मैलांवर, क्षितिजाशीं त्यांस कांहीं ठिपके दिसले. जवळ जाऊन पाहतात तों जपानी नौदलाचा प्रचंड ताफा. ते बिनतारी यंत्रानें खबर देत असतांनाच जपानी लढाऊ विमानांनीं त्यांची नौका पाडली. आंतील नऊ जणांपैकीं तिघे मरण पावले, आणि बर्चल व इतर पांच जण कैद झाले. परंतु खबर पोंचली होती. दुसऱ्या दिवशीं, ईस्टरच्या रविवारीं, कोलंबोवर हल्ला झाला तेव्हां शहर बेसावध नव्हतें. त्याच्या पुढच्या दिवशीं, ६ एप्रिलला, विशाखापट्टणम् व काकिनाडा येथें बॉम्ब पडले. विशाखापट्टणम् येथेंच आदल्या वर्षीं, २१ जून १९४१ रोजीं, वालचंदांच्या जहाज-कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्तें बसली होती. म्हणजे ज्या एप्रिलांत वालचंदांच्या हातून विमानांचा कारखाना गेला, त्याच एप्रिलांत त्यांच्या जहाजांच्या कारखान्याच्या गांवावर बॉम्ब पडले. आणि कोलंबोवर चालून येणाऱ्या ताफ्याची पहिली खबर देणारी कॅटॅलिनाच होती.

बर्चल यांच्या नौकेची प्रतिकृति करणें हें योग्यच आहे. त्या शौर्याचें स्मरण सर्वांनीं ठेवावें. परंतु माझें मन दुसऱ्या दिवसाकडे ओढतें, आणि कुंभारीच्या कारागिरास मी तोच सुचवीन. तो दिवस बंगलोरच्या कारखान्यांतील कोणताही एक साधा दिवस आहे. नौका जमिनीवर उभी आहे. इंजिनांचीं झांकणें उघडलेलीं आहेत. एका बाजूचें सुकाणूचें कापड सोलून काढल्यामुळें आंतील फांसळ्या दिसत आहेत. दुसरीकडे नवें कापड चढत आहे. जो भाग पंखांत दडून राहतो तो येथें उघडा पडतो, म्हणून कौशल्यालाही येथें अधिक वाव आहे. अशा प्रतिकृतीसाठीं पेटींत तयार चिन्हें मिळत नाहींत. ज्या विमानाचा क्रमांक प्रमाणानिशीं सिद्ध करतां येत नाहीं, त्यावर शोभेसाठीं खोटा आंकडा रंगवूं नये; ती जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा पाहणारास प्रश्न विचारावयास लावते, आणि खोटा आंकडा त्याचा प्रश्न बंद करतो.

या दृश्यांतील माणसेंही विकत मिळत नाहींत. संचांत येणाऱ्या आकृति वैमानिकांच्या असतात: चामडी टोपी, हातांत नकाशा, पाय फांकून उभे. कापड शिवणारा, पत्र्यास रिव्हेट मारणारा, तेलकट चिंध्यांनीं नळ्या पुसणारा हिंदी कामगार त्यांत नसतो. तो आपणच घडविला पाहिजे. तारेचा सांगाडा करून त्यावर लगदा चढवावा, आणि मघां सांगितलेलें एक पूर्णांक तीन अष्टमांश इंचाचें माप चुकूं देऊं नये. त्यास पंखाखालीं, शिडीवर, सुकाणूजवळ, जेथें त्याचें काम असेल तेथें उभा करावा. तो लहान दिसेल. १०४ फुटांच्या पंखाखालीं मनुष्य लहानच दिसतो. परंतु तो तेथें उभा राहीपर्यंत तो पंख किती मोठा होता, आणि तो कोणाच्या हातांनीं पुन्हां आकाशांत गेला, या दोहोंपैकीं एकही गोष्ट ती प्रतिकृति सांगूं शकत नाहीं.